एक्सपल्स की हिमालयन?

प्रश्न : साकोलीजवळ शेती आहे. रोज पांधणीतून जावं लागतं, महिन्यातून एकदा नागपूर. हीरो एक्सपल्स २०० फोर-व्ही घ्यावी की रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०?

उत्तर : एक्सपल्स. हिमालयनची ताकद सुमारे ४० पीएस, एक्सपल्सची १९ च्या आसपास. पण हिमालयनचं वजन १९६ किलो, एक्सपल्सचं १६० च्या जवळपास. रोवणीच्या दिवसांत गाडी चिखलात रुतली की हे पस्तीसेक किलो थेट कमरेला लागतात, आणि तिथं ४० पीएसनं मागचं चाक नुसतं गरगरतं. पुढचं चाक दोन्हींना २१ इंचीच, त्यामुळे खड्डे दोन्ही पचवतात. सीटही दोन्हींची ८२५ मिमी उंच. बुटक्या माणसानं शोरूममध्ये पाय टेकवून पाहावं, जाहिरात पाहून नव्हे.

महामार्ग ५३ वर मात्र हिमालयनच सुखाची. एक्सपल्स ताशी ८०-८५ पर्यंत ठीक, पुढे धापा टाकते. महिन्यातल्या एका फेरीसाठी एवढं वजन रोज कशाला वागवायचं? एक्सपल्स घेतल्यानं वाचलेल्या पैशांतून पावसाळ्याआधी खोल नक्षीचे टायर टाका. आणि या गाडीवरून नागझिरा अभयारण्यात सफारीचा बेत असेल तर तो सोडा. तिथं दुचाकी चालत नाही.