जुन्या पेट्रोल गाडीचं टायमिंग तपासा


जुनी कार्बुरेटरची जीप किंवा ट्रक माल भरून चढावर टकटक करतोय? टायमिंग बहुधा पुढे गेलंय. तसंच ओढलं तर पिस्टन जळेल.

१) आधी पॉइंटचा गॅप लावा. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं.
२) इंजिन गरम करा. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा.
३) आयडलिंगवर पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट लावा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो हळू फिरवा, कंपनीच्या खुणेवर आणून आवळा.
४) इंजिन बंद करून कॅप उघडा. व्हॅक्यूमला स्वच्छ नळी लावून तोंडाने ओढा. प्लेट हलली नाही, तर डायफ्राम फाटलाय किंवा प्लेट अडकलीय. शेवटी मूळ नळी जोडा.

⚠️ हँडब्रेक, न्यूट्रल. पंख्यापासून हात, उपरणं लांब. डिझेल गाडीला हे लागू नाही.