आधी ओतीव, मग ठोकीव

जुन्या इंजिनाचा नंबर शोधायला बसलास की ग्राइंडर दूर ठेव, बाबू. रॉकेलात बुडवलेलं फडकं, दात घासायचा जुना ब्रश आणि सबुरी, एवढंच सामान लागतं. पंचाचे ठसे उथळ असतात. घासले की गेले. आणि मे महिन्यात हे काम सकाळीच उरकायचं. दुपारी आपल्या नागपुरात लोखंडाला हात लावून दाखव बाप्पा!

ब्लॉकवर दोन जातीचे आकडे असतात. ओतीव आकडे साच्यातूनच उठून आलेले असतात. ठोकीव मागाहून पंचाने मारलेले. ठोकीव नंबर कोणीही घासून नवा मारू शकतो. जागा खोलगट दिसली, आकडे वरखाली नाचताना दिसले, की समजून घे. ओतीवाशी असा खेळ सोपा नाही, म्हणून आधी तो वाचायचा.

फोर्डच्या टी मॉडेलवर ओतीव तारीख सरळ आकड्यांत मिळते. 4-7-25 दिसलं तर चार जुलै म्हणू नको. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे 7 एप्रिल 1925. शेवर्लेच्या जुन्या सहा सिलिंडरवर महिना अक्षरात असतो: ए जानेवारी, एल डिसेंबर. पुढे दिवस आणि शेवटी सालाचा एकच आकडा. सात म्हणजे 1937 की 1947, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ब्लॉकचा कास्टिंग नंबर आणि गाडीचं अंग पाहून ठरवावं लागतं.

फोर्डमध्ये एक मोठी मेख आहे. आपल्याकडे आलेल्या बऱ्याच फोर्ड अमेरिकेतून नव्हे, कॅनडातून आल्या. टीच्या अशा इंजिनावर नंबराआधी सी, ए मॉडेलवर सीए. ते अक्षर न पाहता अमेरिकेचा नंबर-सालाचा तक्ता उघडणारे हुशार लोक साल चुकवतात आणि वर वादही घालतात. कॅनडाचे नंबर वेगळेच चालत.

आता जीप. इकडे हीच जास्त हाती येईल. महायुद्धाच्या जीपचा इंजिन नंबर उजव्या बाजूला, पुढे, ऑइल फिल्टरच्या मागच्या सपाट जागेवर पाहा. एमबी असेल तर विलिज, जीपीडब्ल्यू असेल तर फोर्ड, नुसता जे असेल तर युद्धानंतरची नागरी. मग चेसिसची पुढची आडवी पट्टी बघ: विलिजची गोल नळी, फोर्डची चौकोनी. फोर्डमध्ये चेसिस आणि इंजिनाचा नंबर कारखान्यातून एकच निघायचा, विलिजमध्ये नाही. म्हणून विलिजचे दोन नंबर जुळत नाहीत म्हणून भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठव. उलट विलिजचे अगदी जुळले, तर तूच सावध हो.

नंतर आरसी बुक माग. नागपूरची पहिली नोंद असेल तर राज्याच्या नावावरूनच काळ कळतो. मध्यप्रांत व वऱ्हाड असेल तर 1950 च्या आधीची, मध्य प्रदेश असेल तर 1956 च्या नोव्हेंबरपर्यंतची, मुंबई राज्य असेल तर त्यापुढे 1960 च्या मेपर्यंतची. क्रम नेहमी एकच: ब्लॉक ओतला, नंबर ठोकला, गाडी बोटीने आली, मग नोंद झाली. ब्लॉकची तारीख नोंदीच्या नंतरची निघाली तर इंजिन बदललेलं आहे, मालक कितीही शपथा घेवो.

नंबरांची पेन्सिल प्रिंट स्वतः घे, दोन काढ. एक आपल्या वहीत लाव.

आणि पैसे घेण्याआधी मालकाला 2021 चा विंटेज नियम सांग. व्हीए अक्षरांची नंबरपाटी मिळवायची तर पहिल्या नोंदीला 50 वर्षं उलटलेली हवीत, शिवाय चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नको. जीपमध्ये मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवून ठेवलं असेल तर मूळ जातीचं पेट्रोल इंजिन आधी शोधायला लाव, रंगाचं काम नंतर धर.