शेपटीला पंख नाहीत, नळ्या आहेत

प्रश्न : मामाने परदेशातून आणलेल्या रॉकेटच्या किटमध्ये पंखांऐवजी सहा नळ्या आहेत. ते सरळ उडेल का? इंजिन सोबत आलेलं नाही.
– एक विद्यार्थिनी, पूर्णगड

उत्तर : सरळ उडेल. एका नळीभोवती त्याच व्यासाच्या सहा नळ्या अगदी चपखल बसतात, त्यामुळे पंख तिरके चिकटण्याची भीतीच नाही. हवेचा अडथळा वाढतो, उंची थोडी घटते, एवढंच.

गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे निदान एका व्यासाइतका हवा. नळ्यांसाठी हे गणित किचकट आहे, म्हणून सरळ गुरुत्वमध्यापाशी दोरी बांधा आणि रॉकेट डोक्यावरून गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं की झालं. नाहीतर नाकात थोडं वजन भरा.

इंजिनासाठी फटाक्यांची दारू घरी भरू नका, कृपा करून नकाच. त्यात बोटं जातात, डोळे जातात. त्यापेक्षा हीच रचना पाण्याच्या रॉकेटवर करून बघा. सोड्याची बाटली घ्या (साध्या पाण्याची दाब सोसत नाही), तशाच सहा बाटल्यांचे मधले भाग कापून भोवती चिकटवा. एक तृतीयांश पाणी भरा आणि लांब नळीने, मोठ्या माणसांसोबत, दूर उभं राहून हवा भरा.

रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात उडवलंत तर ते समुद्राकडे झेपावेल. म्हणून सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, मोकळ्या सड्यावर जा. किल्ला, विजेच्या तारा आणि आंब्याची कलमं यांपासून लांब.