निरभ्र आभाळ आणि फुलपाखरू

प्रास्ताविक

मोबाइलमुळे आज छायाचित्र काढणे ही कोणालाही जमणारी गोष्ट झाली आहे. परंतु बटण दाबणे आणि पाहणे यांत अंतर आहे. प्रस्तुत पाठात निसर्गातील दोन विषयांचा विचार केला आहे. एक क्षणभरही स्थिर राहत नाही, तर दुसऱ्यात वरवर पाहता काहीच घडत नाही. पाठ वाचताना शास्त्रीय माहिती मराठीतून कशी मांडली जाते, याकडेही लक्ष द्या.

मूळ पाठ

‘निरभ्र’ हा शब्द ‘निर्’ आणि ‘अभ्र’ यांपासून बनला आहे. अभ्र म्हणजे मेघ. मेघ नसलेले ते निरभ्र. गंमत अशी, की मराठीतील ‘आभाळ’ हा शब्दही याच ‘अभ्र’ शब्दापासून आला आहे. म्हणूनच खेड्यातला माणूस पावसाची चिन्हे दिसली की ‘आभाळ आलं’ असे म्हणतो. त्याच्या लेखी आभाळ म्हणजे ढगच. या अर्थाने ‘निरभ्र आभाळ’ म्हणजे ‘ढगाविना ढग’ असा काहीसा विचित्र शब्दप्रयोग ठरतो. पण भाषा व्युत्पत्तीच्या आज्ञेत चालत नाही, आणि असे निळे, स्वच्छ आभाळ डोक्यावर असताना व्युत्पत्तीची आठवण कोणाला होणार!

महाराष्ट्रात असे आभाळ पाहावे ते पावसाळ्यानंतर. ऑक्टोबर महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघार घेतो. चार महिन्यांच्या सरींनी हवेतील धूळ धुऊन काढलेली असते आणि हिवाळ्यातील धुरकट थर अजून साचलेला नसतो. नेमका हाच काळ सह्याद्रीच्या परिसरात फुलपाखरांचा असतो. पावसाळ्यात माजलेल्या हिरव्या पाल्यावर सुरवंट पोसले जातात, कोशात जातात, आणि ऊन पडू लागले की पंख फुटून बाहेर येतात. त्यामुळे छायाचित्रकाराला दोन्ही विषय एकाच वेळी, एकाच माळावर भेटतात. मात्र दोघांचे एकमेकांशी फारसे जमत नाही.

याचे कारण उन्हात आहे. फुलपाखराच्या शरीरात स्वतःची ऊब राखण्याची सोय नसते. त्याच्या उड्डाणाच्या स्नायूंना साधारण तीस अंश सेल्सिअस तापमान लागते. म्हणून सकाळी ते पानावर पंख पसरून ऊन खात बसते. पांढरी आणि पिवळी फुलपाखरे बहुधा पंख मिटून, कुशीवर किंचित कलून ऊन घेतात. निरभ्र सकाळ त्यांना लवकर जागे करते, आणि एकदा शरीर तापले की त्यांच्यामागे धावणे व्यर्थ होय. शिवाय ढगांनी न गाळलेले दुपारचे ऊन पंखांवर कठोर सावल्या पाडते आणि रंग पांढुरके करून टाकते. मऊ उजेड हवा तर ढग हवेत, पण ढग असले तर फुलपाखरू उडत नाही, दिसतही नाही. या पेचातून एकच वाट निघते : पहाट सरल्यानंतरचे पहिले दोन-तीन तास. तेव्हा ऊन तिरपे व कोवळे असते आणि फुलपाखरू अजून पुरते तापलेले नसते.

त्याच्याजवळ जाण्याची रीतही शिकावी लागते. फुलपाखराच्या संयुक्त डोळ्यांना हालचाल फार लवकर कळते. उभ्याने झपाझप चालत गेलेल्या माणसाला रिकामे पान तेवढे मिळते. खाली वाकून, हळूहळू, थांबत थांबत जावे. आणि आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने जावे. ऊन खात बसलेल्या जिवावर सावली पडली की त्याची ऊबही जाते आणि त्याला धोक्याची सूचनाही मिळते. ओल्या वाळूवर किंवा चिखलावर क्षार शोषत बसलेली फुलपाखरे मात्र बरीच निर्धास्त असतात. त्यांत बहुतेक नरच असतात. नवख्याने सुरुवात अशा ओढ्याकाठी करावी हे उत्तम.

पंख आणि कॅमेऱ्याचे भिंग एकमेकांना समांतर ठेवले, तर संपूर्ण पंख स्पष्ट येतो. कॅमेरा तिरका राहिला, तर एक टोक स्पष्ट आणि दुसरे धूसर. अपर्चर आठ ते अकरा या आकड्यांच्या दरम्यान आणि शटरचा वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून अधिक ठेवल्यास बसलेल्या फुलपाखरासाठी सहसा पुरते. नीलवंताचे तसे नाही. इंग्रजीत ब्लू मॉर्मन म्हटले जाणारे हे काळ्या-निळ्या पंखांचे, बारा ते पंधरा सेंटिमीटर विस्ताराचे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. ते मध पितानाही पंख फडफडवत राहते. त्याच्यासाठी सेकंदाचा हजारावा भागही कधी कधी अपुरा पडतो. ते लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते. त्यामुळे ज्यांच्या परसात लिंबू वा पपनस आहे, त्यांना रानात जाण्याचीही गरज नसते.

पाठगत प्रश्न
१. ढगाळ हवामान फुलपाखराच्या छायाचित्रणाला सोयीचे आणि गैरसोयीचे, दोन्ही कसे ठरते?
२. छायाचित्रकाराने आपल्या सावलीची काळजी का घ्यावी?

आता आभाळाकडे वळू. सूर्याचा प्रकाश हवेच्या रेणूंवर आदळून विखुरतो, आणि कमी तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतो. निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे सहा पट विखुरतो, म्हणून आभाळ निळे. या विखुरण्याचे गणित पुढे लॉर्ड रॅले म्हणून ओळखल्या गेलेल्या जॉन विल्यम स्ट्रट यांनी १८७१ मध्ये मांडले. ‘समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे’ असे तेच म्हणत. १९२१ मध्ये जहाजातून प्रवास करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना हे पटले नाही. प्रकाशाचे ध्रुवण करणाऱ्या निकोल लोलकाने पृष्ठभागावरील प्रतिबिंब झाकून त्यांनी पाहिले, तरी समुद्र निळाच राहिला. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यातून पुढे आले, आणि त्या शोधाची वाट १९२८ च्या ‘रामन परिणामा’पर्यंत गेली. निळ्या रंगाकडे नुसते पाहणे आणि त्याला प्रश्न विचारणे, यांत एवढे अंतर आहे.

आभाळाचा निळेपणा सर्वत्र सारखा नसतो. क्षितिजापाशी प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि तो पुनःपुन्हा विखुरतो. म्हणून तेथे आभाळ फिकट, पांढुरके दिसते. सकाळी सूर्य खांद्याच्या बाजूला ठेवून उभे राहिल्यास समोर दिसणारा पट्टा सर्वांत गडद भासतो, विशेषतः ध्रुवण-गाळणी लावल्यास. नवे छायाचित्रकार ही गाळणी शेवटपर्यंत फिरवून आभाळ काळपट निळे करतात. तो रंग कागदावर आकर्षक वाटतो, पण तसे आभाळ कोणी पाहिलेले नसते.

नुसत्या निळाईचे चित्र काढणे सर्वांत कठीण. तेथे नजरेला टेकायला जागाच नसते. एखादी वाळकी काडी, घिरट्या घालणारी घार, चौकटीच्या कडेला आलेले पळसाचे पान असले, की आभाळाची खोली जाणवते. या रिकाम्या निळाईचा एक उपयोग मात्र कोणाच्या मनात येत नाही : कॅमेऱ्याच्या आतल्या संवेदकावर धूळ बसली असेल, तर अपर्चर अगदी लहान करून काढलेल्या आभाळाच्या चित्रात ती काळसर ठिपक्यांच्या रूपात लगेच उघडी पडते.

फुलपाखराच्या मागे आभाळ घ्यायचे झाले, तर जमिनीवर आडवे होऊन खालून वर पाहावे लागते. तेव्हा कॅमेरा उजळ आभाळाला भुलतो, संपूर्ण चित्राचा प्रकाश कमी करतो आणि फुलपाखराची नुसती काळी आकृती उरते. मोजमाप फुलपाखरावरच करावे, हा त्यावरचा उपाय. मोबाइलवर त्यासाठी पडद्यावरील फुलपाखराला बोट लावावे लागते. पांढऱ्या फुलपाखराच्या बाबतीत नेमके उलटे : पार्श्वभूमी गडद असेल तर प्रकाश थोडा कमीच घ्यावा, नाहीतर पंखांवरील बारीक शिरा पांढऱ्या डागात विरून जातात.

पण एवढी खटाटोप कशासाठी? केवळ सुंदर चित्रासाठी नव्हे. रुईच्या झुडपाभोवती रेंगाळणारे नारिंगी प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा, भारतात जवळजवळ सर्वत्र दिसते. त्याचे सुरवंट रुईची पाने खातात. त्या चिकातील विषारी द्रव्ये अंगात साठत असल्याने पक्षी त्याला टाळतात. छोटा चांदवा या निराळ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते, मात्र ती विषारी नसते. उडताना दोघांत फरक करणे अनुभवी माणसालाही अवघड. छायाचित्रात मात्र मागच्या पंखांच्या मध्यभागी असलेले काळे ठिपके मोजता येतात. कडव्याला ते असतात, चांदव्याच्या मादीला नसतात. म्हणूनच जाणकार पंखांच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंची चित्रे घेतात, आणि दिनांक व ठिकाण यांची नोंद ठेवतात. एकेकाळी ओळख पटवण्यासाठी फुलपाखरू जाळीत पकडून, मारून, टाचणीने टोचून ठेवावे लागे. आज अनेक जातींच्या बाबतीत ते काम चांगले छायाचित्र करते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार कित्येक जातींची फुलपाखरे पकडणे हा गुन्हाही आहे.

दुर्दैवाने कॅमेरा हाती असूनही काहींची जाळी सुटत नाही. फुलपाखराला शीतकपाटात ठेवून गारठवायचे, मग फुलावर बसवून निवांतपणे चित्र काढायचे, असा प्रकार केला जातो. अशा चित्रात रंग असतात, तपशील असतात. पण ते खोटे असते. गारठलेल्या जिवाचे पाय फुलाला नीट धरत नाहीत, सोंड गुंडाळलेलीच राहते, आणि जे फूल ते कधी धुंडाळत नाही त्यावर ते बसलेले दिसते. बघणाऱ्याला हे कळत नसेल. नोंदवहीत मात्र एक खोटी नोंद कायमची जाते. अशा चित्रापेक्षा, कडा थोडी धूसर असलेले पण ओढ्याकाठी खरोखर भेटलेल्या फुलपाखराचे चित्र कितीतरी मोलाचे.

शब्दार्थ
निरभ्र – ढग नसलेले. व्युत्पत्ती – शब्दाच्या मुळाचा शोध. पेच – अडचण. क्षार – मातीतील खारट द्रव्ये. संवेदक – कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा भाग. ध्रुवण-गाळणी – ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारी काच. परस – घरामागील मोकळी जागा.

स्वाध्याय
१. ‘निरभ्र’प्रमाणे ‘निर्’ हा उपसर्ग लागलेले पाच शब्द लिहा व त्यांचे अर्थ सांगा.
२. ‘छायाचित्र’ या शब्दात ‘छाया’ आहे, पण चित्र तर प्रकाशाने उमटते. या शब्दाविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. बिबळ्या कडवा व छोटा चांदव्याची मादी यांत फरक कसा ओळखावा?
४. गारठवलेल्या फुलपाखराचे छायाचित्र खोटे का ठरते? तुमच्या शब्दांत लिहा.
५. तुम्ही राहता त्या गावात किंवा शहरात आभाळ कोणत्या महिन्यात सर्वांत निळे दिसते? सलग सात दिवस सकाळी पाहून नोंद करा, आणि त्या वेळी आसपास दिसलेल्या एका फुलपाखराचे वर्णन करा.