नवा तंबू आधी गच्चीवर लावा

प्रश्न : डिसेंबरात दोन लहान मुलांना घेऊन एका रात्रीसाठी भंडारदऱ्याला जायचा बेत आहे. तंबू, स्लीपिंग बॅगा सगळं नवं घेतलंय. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिली रात्र घराच्या गच्चीवर काढा. मुलांना हाताशी घेऊन तंबू उभारा आणि वरून बादलीभर पाणी ओता. शिवणीतून पाझरलं तर दुकानात परत न्यायला अजून वेळ आहे! मेखा मात्र जाड लोखंडी घ्या. मुरमाड जमिनीत पातळ मेखा वाकतात.

थंडी जमिनीतूनच जास्त लागते. अंगाखाली बॅगेचं अस्तर दबतं, ऊब राहत नाही, म्हणून खाली मॅट हवीच. पहाटे तंबू आतून ओला दिसला तर तो गळतोय असं लगेच समजू नका. श्वासातली वाफ गार कापडावर जमते. झडपा थोड्या उघड्या ठेवा.

एक कळकळीची विनंती. कितीही गारठा असो, शेगडी, स्टोव्ह किंवा विझत आलेले निखारेसुद्धा तंबूत नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही. मुलांना कानटोप्या, पायमोजे घाला आणि एक जास्तीचं घोंगडं सोबत ठेवा.