पावसाळी भटकंतीसाठी पहिला डीएसएलआर

भिवंडीच्या आसपास भटकणाऱ्याने पहिला डीएसएलआर घेताना आधी लेन्स ठरवावी, बॉडी नंतर. गुमतारा किंवा माहुलीचा गड, लोणाडची लेणी, तानसाचा परिसर, कुठेही जा, अडचण येते ती अपुऱ्या उजेडाची आणि दमट हवेची. जास्त मेगापिक्सेल असून ती सुटत नाही.

कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचे लक्ष आता मिररलेसकडे आहे, त्यामुळे सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर बहुधा सेकंडहँडच घ्यावा लागतो. ट्रेकला जाणाऱ्याचे त्यात नुकसान नाही. आरशावरून आलेले दृश्य थेट डोळ्याला दिसत असल्याने बॅटरी फार टिकते. निकॉन डी३५०० एका चार्जिंगवर कंपनीच्या मोजणीप्रमाणे सुमारे १,५५० फोटो काढतो आणि बॅटरीसकट त्याचे वजन ४१५ ग्रॅम भरते. कॅनन २००डी मार्क २ थोडा जड, ४४९ ग्रॅमचा. दोन्ही पुरेसे चांगले आहेत. ज्याची पकड हाताला बसेल तो घ्यावा.

निकॉनच्या बाबतीत मात्र जपून. डी३५०० किंवा डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिमी एएफ-डी लेन्स त्यावर आपोआप फोकस होत नाही. उलट नवी एएफ-पी लेन्स डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर चालत नाही. कॅननच्या या श्रेणीत ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही प्रकारच्या लेन्स बसतात.

सोबत येणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सला उगाच नावे ठेवली जातात. लहान सेन्सरमुळे तिची १८ मिमीची बाजू जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने २७ ते २९ मिमीइतकी भरते, म्हणजे कडा, दरी आणि सोबती एका चौकटीत मावतात. फक्त हात हलला तरी फोटो वाचवणारी सोय तिच्यात असावी: निकॉनवर व्हीआर, कॅननवर आयएस ही अक्षरे लेन्सवर पाहून घ्यावीत.

किट लेन्स लंगडी पडते ती लोणाडसारख्या लेण्यांत. शिल्पपटावर तिरपा, मंद उजेड असतो आणि झूम केल्यावर तिचे छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ ची लेन्स त्याच जागी साधारण दहापट उजेड आत घेते. म्हणून दुसरी लेन्स हीच हवी. ५० मिमी स्वस्त असते, पण लेण्यात मागे सरकायला जागा नसते. निकॉनसाठी ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स अधिक कामाची. कॅननवाल्यांनी २४ मिमी एफ/२.८ पाहावी. ती तितकी उजेडी नाही, पण १२५ ग्रॅमची आहे.

लांब पल्ल्याची झूम पहिल्या वर्षी घेऊ नये. भिवंडीहून ऐन जुलैत गुमताऱ्यावर गेलेल्या एका गटाचा अनुभव यासाठी सांगण्याजोगा आहे. वाट नेहमीचीच: भिवंडी-वाडा रस्त्यावरचा दुगाड फाटा, पुढे गाव, मग दाट झाडी. ढोरवाटा फसवतात, म्हणून गावातला माणूस सोबत घ्यावा. गटात दोन कॅमेरे होते. एकाबरोबर किट लेन्स आणि ५५-२५० झूम, दुसऱ्यावर फक्त १८-५५. माथ्यावर ढग उतरलेला होता. धुके विरळ होताना दिसले तशी पहिल्याने झूम लावायला घेतली. ओल्या हातांनी लेन्स काढली, बॉडीचे तोंड वर राहिले आणि बाहीवरून निथळलेला थेंब थेट आरशावर पडला. तो पुसेपर्यंत माहुलीचे सुळके पाच-सात मिनिटे स्वच्छ दिसले आणि पुन्हा बुडाले. झूमच्या पुढच्या काचेमागेही वाफ धरली. नळी पुढेमागे होताना दमट हवा आत ओढली जाते, आणि अशी वाफ कापडाने पुसता येत नाही. दुसरा कॅमेरा चढायला लागल्यापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, लेन्सपुरते भोक पाडून रबराने बांधलेला. माहुली त्यातच आली, टाक्याच्या काठावरचा खेकडाही त्यातच.

त्या झूममध्ये पुढे बुरशी धरली: आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. या श्रेणीतल्या बॉडी आणि लेन्स पाण्याला तोंड देतील अशा बनवलेल्या नसतात. घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये राहू देऊ नये. रात्रभर पंख्याखाली वाळवून मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. एसी गाडीतून उतरताना तो पिशवीत बंदच राहावा आणि बाहेरच्या हवेइतका गरम झाल्यावर काढावा, म्हणजे काचेवर दव धरत नाही. जेलच्या पुड्या आणि फाटके रेनकोट गडावर टाकून येणारे लोक वाढले आहेत. हा प्रकार संतापजनक आहे. अरुंद वाटेवर तिवई मांडून रांग खोळंबवणाऱ्याला, त्याच्या गळ्यात कितीही महाग कॅमेरा असला तरी, भटक्या म्हणता येत नाही. तिवईपेक्षा ओल्या पानांवरची चमक कापणारा पोलरायझर आधी घ्यावा. पावसाळी हिरवा रंग त्यानेच खुलतो.

खरेदीसाठी मुंबईत सीएसएमटीजवळची बोरा बाजारातली दुकाने सोयीची. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरपी धरून पाहावी: धुळीचे कण चालतील, तंतू दिसले तर परत करावी. मग एफ/२२ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघावा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची घाण, ती साफ होते, ओरखडे जात नाहीत. शटर किती वेळा पडले तो आकडा विचारावा. या श्रेणीत एक लाखाच्या जवळ गेलेली बॉडी टाळलेली बरी. बॅटरी फुगलेली नसावी, कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नसाव्यात. घ्यायच्या लेन्स त्याच बॉडीवर लावून, फोकस होतो का ते दुकानातच पाहावे, आणि बॉडीचा व लेन्सचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.