पहिल्या वर्षाचे बाळ

इ. स. १६३१ च्या जून महिन्यात आपल्या बऱ्हाणपुरात मुमताज महल हिला चौदावे अपत्य झाले. त्या बाळंतपणातच ती निवर्तली. मुलगी, गौहरआरा, मात्र जगली व १७०६ पर्यंत तिने आयुष्य भोगले. ताजमहालाची कथा सांगताना या तान्हीचा सर्वांनाच विसर पडतो.

पोरक्या बाळाला दूध मिळाले की झाले, असे पुष्कळांना वाटते. शरीरापुरतेही हे अर्धेच खरे. जन्माचे वजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. सहा महिन्यांनंतर नुसते दूध पुरत नाही. आपली उष्टावणाची चाल याच सुमाराची.

मनाला तर माणूसच लागते. दीड-दोन महिन्यांचे मूल हसरा चेहरा पाहून हसते. आठव्या-नवव्या महिन्यात मात्र ते परक्याकडे जाताना रडते. पाहुण्यांना तो हट्ट वाटतो. आमच्या मते ती प्रगतीच होय. आपले कोण, हे त्याला कळू लागलेले असते. याच सुमारास ते रुमालाखाली लपविलेला खुळखुळा शोधते, म्हणजे दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे त्यास उमगते. दाराआड गेलेल्या आईसाठी ते रडते तेही यामुळेच. म्हणून सांभाळणारे हात वरचेवर बदलू नयेत. मग ते आजीचे असोत, आत्याचे असोत की दाईचे.

चालण्याची घाई नको. कोणी दहाव्या महिन्यात चालते, कोणी पंधराव्या. पण पहिली पावले टाकताना ते मध्येच थांबते आणि वळून पाहते, आपले माणूस मागे आहे ना?